विचार न करता चालणं

तोल गेलेल्या माणसाला वाचता येत नाही, ही गोष्ट मला बरीच उशिरा कळली. पडत असेल, झोकांड्या खात असेल, भिंत धरून चालत असेल, एवढं कुणालाही सुचेल. पण वाचता न येणं? डोळे तर ठणठणीत असतात. १९५२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका डॉक्टरने स्वतःच्या आजाराबद्दल छोटासा लेख लिहिला होता, नावाच्या जागी फक्त जे. सी. एवढंच. स्ट्रेप्टोमायसिन या अँटिबायोटिकच्या इंजेक्शनांनी त्याच्या दोन्ही कानांतला तोल सांभाळणारा भाग निकामी झाला होता. तो लिहितो की पलंगावर पडून पुस्तक वाचायचं तर डोकं पलंगाच्या दांड्यांमध्ये दाबून धरावं लागायचं, कारण नाडीच्या ठोक्याबरोबर डोकं जे जरासं हलतं, आपल्याला जन्मात कधी जाणवत नाही, तेवढ्या हलण्यानेसुद्धा पानावरची अक्षरं उड्या मारायची. आणि रस्त्याने जाताना पाटी वाचायची तर चालणं थांबवावं लागायचं.

हे फोनवर वाचत असाल तर आत्ताच करून बघा. फोन हातात स्थिर धरा आणि नाही नाही म्हणताना हलवतो तशी मान भराभर हलवत ही ओळ वाचा. वाचता येते. आता मान स्थिर ठेवा आणि फोन तेवढ्याच वेगाने हलवा. अक्षरं पुसली जातात. हललं दोन्ही वेळेला सारखंच, मग फरक कुठून पडला? कानातून. डोकं उजवीकडे वळलं रे वळलं की आतल्या कानातून निरोप निघतो आणि डोळे बरोबर तेवढेच डावीकडे सरकतात, सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात हे होऊन जातं, आपल्याला पत्ताही नसतो. नुसत्या नजरेच्या भरवशावर हेच करायचं म्हटलं तर कितीतरी पट जास्त वेळ लागतो आणि तोवर डोकं पुढे निघून गेलेलं असतं.

आता या कानाच्या आत काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ऐकण्याचा जो शंख असतो ना, कॉक्लिया, त्याला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, एकमेकींशी जवळपास काटकोनात, म्हणजे मान कुठल्याही दिशेला वळली तरी तिघींपैकी कुणाला तरी कळतंच. आत द्रव भरलेला असतो. पाण्याने भरलेलं पातेलं पटकन गोल फिरवलं तर पातेलं फिरतं आणि पाणी क्षणभर मागे राहतं, तेच इथे होतं, आणि मागे राहिलेल्या त्या पाण्याच्या रेट्याने पेशींवरचे बारीक केस वाकतात आणि नस बोलायला लागते. शेजारी दोन छोट्या पिशव्या असतात, त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे, त्यांच्यामुळे आपल्याला खाली कुठे आणि वर कुठे हे कळतं, लिफ्ट निघाली, गाडीने ब्रेक मारला हे कळतं. फ्रान्समध्ये फ्लूरां नावाच्या माणसाने १८२०च्या दशकात कबुतरांच्या या नळ्या एकेक कापून बघितल्या होत्या आणि जी नळी कापली त्याच पातळीत कबुतराचं डोकं हलत राहायचं. वाचताना वाईट वाटतं, पण या विषयातलं पुढचं सगळं तिथून निघालंय.

माझं काम सेन्सरचं. चाकणला गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे. गाडी ओल्या रस्त्यावर घसरायला लागली की आपोआप सावरणारी जी सिस्टीम असते तिच्यात गायरो असतो, गाडी किती वेगाने वळतेय ते सांगणारी नखाएवढी चिप, आणि त्या चिपचे आकडे बघण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे माणसाच्या प्रत्येक कानात असे तीन गायरो जन्मतःच बसवलेले असतात हे मला नुसतं कुतूहल म्हणून माहीत होतं. आत्याचं झालं तेव्हापासून कुतूहल हा शब्द वापरवत नाही.

आत्या साताऱ्याची. शाळेत मराठी शिकवायची, रिटायर झाल्यावरही सज्जनगडाच्या पायऱ्या दम न लागता चढणारी आणि एसटीत जागा मिळाली नाही तर गप्पा मारत उभी राहणारी बाई. लघवीचं इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं, ताप उतरेना, ॲडमिट करावं लागलं, जेंटामायसिनची इंजेक्शनं सुरू केली आणि ताप उतरला. आमचा जीव भांड्यात पडला. घरी आली, आणि मग काही दिवसांनी म्हणायला लागली की पायाखाली जमीन नाही, गादी आहे असं वाटतंय. अशक्तपणा असेल म्हणून तिला नाचणीची सत्त्वं चालू झाली. मग बीपी बघून झालं, मग मानेचे मणके निघाले आणि गळ्यात पट्टा आला, चक्कर थांबायच्या गोळ्या झाल्या, एमआरआय झाला तो एकदम क्लीन. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच, चक्कर येते का, गरगरतं का? आणि आत्या खरं तेच सांगायची, नाही. त्या एका नाहीमुळे कानाचा विचार प्रत्येकाच्या डोक्यातून निघून जायचा. खरं तर मेंदू दोन कानांची सतत तुलना करत असतो, एकच कान बिघडला तर तुलनेत फरक पडतो आणि जग गरगर फिरतं, पण दोन्ही कान सारखेच आणि एकदमच गेले तर फरक पडतच नाही, मग गरगरणार कसं. नुसता तोल जातो. आणि माणसाला ते नीट सांगताही येत नाही कारण असलं काही आपल्याला कधी सांगावं लागलेलंच नसतं.

बेसिनपाशी तोंड धुताना साबण डोळ्यात जाऊ नये म्हणून तिने डोळे मिटले आणि सरळ पुढे झुकत जाऊन कपाळ नळावर आपटलं. त्यानंतर ती एक हात बेसिनच्या काठावर ठेवून दुसऱ्या हाताने तोंड धुते, अर्धं अर्धं करून, एक डोळा उघडा ठेवून. लाइट गेली की जिथे असेल तिथे खाली बसते. अंधारात तिच्याकडे तोल सांभाळायला काही उरतच नाही, डोळे बंद पडले आणि कान आधीच गेलेले, राहता राहिले तळपाय आणि घोटे, तेवढ्याच्या जिवावर कुणी उभं राहू शकत नाही, निदान मऊ किंवा खडबडीत जमिनीवर तरी नाही.

पण मला जे सगळ्यात जास्त लागलं ते हे नाही. राजवाड्याजवळ भाजी घ्यायला आम्ही दोघं चालत निघालो होतो, मी नेहमीसारखं काहीतरी विचारलं आणि आत्या थांबली. थांबून उत्तर दिलं, मग परत चालायला लागली. मी परत काहीतरी बोललो, परत थांबली. तिसऱ्यांदा म्हणाली, "अरे, चालू का बोलू, एक काय ते सांग." रागाने नाही म्हणाली, अगदी सरळ म्हणाली. तिचं सगळं लक्ष प्रत्येक पावलाला लागत होतं. पाय कुठे टेकतोय, पुढे फरशी आहे का माती, उजवीकडून येणारी रिक्षा बघायला मान वळवली तर जग किती हलेल, हे सगळं ती विचार करून करत होती. आपण जन्मल्यापासून जे फुकटात करतो ते तिला मोजून मापून करावं लागत होतं, आणि मग बोलायला, भाव करायला, ओळखीचं कुणी दिसलं तर हसायला काही शिल्लकच राहत नव्हतं. समोरून येणाऱ्याचा चेहरा तर चालताना तिला दिसतच नाही, पुसट होतो. गावात काही जणांचा असा समज झाला होता की बाई आता ओळख देत नाहीत.

शेवटी पुण्यात एका ईएनटी डॉक्टरांनी निदान केलं आणि त्यासाठी कुठलं मशीन लागलं नाही. तिला समोर बसवलं, म्हणाले माझ्या नाकाकडे बघत राहा, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि अचानक थोडंसं वळवलं. जेमतेम दोन-चार इंच. तिचे डोळे डोक्याबरोबर निघून गेले आणि मग उडी मारून परत नाकावर आले. डॉक्टरांनी मला सांगितलं नसतं तरी दिसलं असतं, इतकं स्पष्ट. दुसऱ्या बाजूला वळवलं, तेच. ही तपासणी हाल्माजी आणि कर्थॉइज या सिडनीच्या दोघांनी १९८८ साली लिहून काढली, तिला एक पैसा लागत नाही आणि एक मिनिट लागत नाही, आणि आत्याला त्याआधी ज्यांनी ज्यांनी तपासलं त्यातल्या कुणी ती केली नाही याचं मला अजूनही वाईट वाटतं.

मग खात्रीसाठी पाण्याची टेस्ट. कानात ३० डिग्रीचं आणि नंतर ४४ डिग्रीचं पाणी सोडतात, चांगल्या कानाच्या माणसाला लगेच गरगरायला लागतं, डोळे आपोआप एका बाजूला सरकतात, काहींना उलटी होते. आत्या शांत पडून. थंड पाणी घातलं तर म्हणाली थंड लागतंय, गरम घातलं तर म्हणाली आता बरं वाटतंय. बाकी काही नाही. मला त्या खोलीत फार विचित्र वाटलं, तिला त्रास होत नव्हता आणि तोच आजार होता. ही टेस्ट व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानीची. पेशंटचे कान धुताना पाणी फार गार किंवा फार गरम झालं की त्यांना भोवळ येते हे त्याने नीट बघितलं आणि त्यामागचं कारण शोधलं. त्यासाठी १९१४चं नोबेल मिळालं तेव्हा तो पहिल्या महायुद्धात रशियनांच्या कैदेत होता, तिथेच त्याला बातमी कळली, आणि १९१६ मध्ये स्वीडनच्या राजपुत्राने रेड क्रॉसतर्फे मध्यस्थी केल्यावर सुटका झाली.

इथे इंजेक्शनाबद्दल बोललं पाहिजे. जेंटामायसिन वाईट औषध नाही. स्वस्त आहे, जुनं आहे, भयंकर इन्फेक्शनमधून माणसं परत आणतं, आत्यालाही त्यानेच आणलं. पण स्ट्रेप्टोमायसिन काय, जेंटामायसिन काय, या घराण्यातली औषधं आतल्या कानातल्या त्या केसांच्या पेशी मारू शकतात. अमिकासिन, कॅनामायसिन जास्त करून ऐकण्यावर घाव घालतात, आणि जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन जास्त करून तोलावर. ऐकू येणं कमी झालं तर माणूस लगेच सांगतो, पण दवाखान्यात पडून असलेल्या पेशंटचा तोल गेला तर कळणार कसं? तो उठून चालतोच कुठे? शिवाय कधी कधी औषध बंद झाल्यावर काही दिवसांनी हे सुरू होतं. किडनी नीट काम करत नसेल तर धोका आणखी वाढतो. आणि आपल्याकडे हा फक्त आत्याचा प्रश्न नाही, आपल्याकडे टीबी आहे. ज्यांचा टीबी उलटायचा त्यांना सरकारी कार्यक्रमात अगदी काही वर्षांपूर्वीपर्यंत दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं असायची, औषधाला दाद न देणाऱ्या टीबीला कॅनामायसिन असायचं. आता बहुतेक उपचार गोळ्यांवर आलाय हे फार चांगलं झालं. पण ज्यांनी ती इंजेक्शनं घेतली ती माणसं आपल्यात आहेत, आणि त्यातल्या ज्यांचा तोल गेला असेल त्यांना अशक्तपणा आहे, वय झालंय, असंच सांगितलं गेलं असणार.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पक्ष्यांमध्ये येतात, कोंबडीच्या कानात नव्या उगवतात, आपल्यात नाही. पण, आणि हा पण फार मोठा आहे, पेशी मेल्या तरी त्यांच्या मागची नस बहुतेक वेळा जिवंत राहते. निरोप पाठवणारा गेला, तार शाबूत आहे. ऐकण्याच्या बाबतीत याच आधारावर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकण्याच्या नसेला थेट विजेचे ठोके देणारं यंत्र, तयार झालं आणि जगभर लाखो माणसं त्यावर ऐकतात. मग तोलासाठी का नाही?

यंत्र सांगायला सोपं आहे. कानाच्या वर-मागे डोक्यावर चुंबकाने चिकटलेली एक डबी, तिच्यात गायरो, तिन्ही दिशांचं वळणं मोजणारे, जवळपास मी ज्यांच्याबरोबर काम करतो त्याच जातीचे. प्रोसेसर त्या वेगाचं विजेच्या ठोक्यांत रूपांतर करतो, ते कातडीतून बिनतारी आत जातं, आत बसवलेल्या भागातून बारीक इलेक्ट्रोड निघतात आणि तिन्ही नळ्यांच्या फुगीर टोकाशी, जिथे नस असते, तिथे पोचतात. त्या नळ्यांची आतली जागा एक मिलिमीटरसुद्धा नसते. आणि तिघींच्या नसा इतक्या जवळ की एकीला दिलेला करंट दुसरीकडे सांडतो, चेहऱ्याची नस तिथूनच जाते त्यामुळे करंट जरा वाढवला की गाल किंवा पापणी उडायला लागते.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते वेगळ्याच गोष्टीने. ऐकण्याच्या नसेला शांतता माहीत आहे, आवाज नसेल तर इम्प्लांटने काही पाठवलं नाही तरी चालतं. तोलाच्या नसेला शांतता नाहीच. तुम्ही खुर्चीत दगडासारखे बसलात तरी ती सेकंदाला शंभरच्या आसपास ठोके मारतच असते, उजवीकडे वळलात की उजव्या कानाचे ठोके वाढतात आणि डाव्याचे कमी होतात, डावीकडे वळलात की उलट. म्हणजे एकाच कानात यंत्र बसवूनही दोन्ही दिशा सांगता येतात, अट एवढीच की आधी त्या नसेला कायमचा एक मधला ठोका द्यायला हवा, ज्याच्या वर-खाली करता येईल. पण मेंदूची अवस्था विचारात घ्या. कित्येक वर्षं या कानाकडून एक अक्षर आलेलं नाही आणि एके दिवशी स्विच चालू केला की एकदम धडाधड ठोके. मेंदू म्हणणार, आपण जोरात फिरतोय. डोळे सरकायला लागतात, भोवळ येते. माझ्या कामात गायरो टेबलावर ठेवला तरी शून्य दाखवत नाही, थोडा आकडा दाखवतोच, त्याला आम्ही बायस म्हणतो आणि तो मोजून वजा करणारा प्रोग्रॅम लिहावा लागतो. इथे तो प्रोग्रॅम कोण लिहिणार?

मेंदूच लिहितो. जिनिव्हाला ज्याँ-फिलिप गियो आणि मास्ट्रिख्तला हर्मन किंग्मा यांच्या टीमने कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये बदल करून २००७ पासून माणसांत हे करून बघितलं, आणि २०११ मध्ये त्यांनी दाखवलं की स्थिर ठोके सुरू केल्यावर पहिल्यांदा अर्ध्या तासाच्या आसपास डोळ्यांची हालचाल थांबते, बंद करून परत चालू केलं तर पुढच्या वेळी लवकर थांबते, असं करत करत मेंदूला ती सवयच होऊन जाते. हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून बराच वेळ बसून होतो. आम्ही सहा-सहा महिने टेस्टिंग करून जे कॅलिब्रेशन करतो ते कुणाच्या तरी डोक्यात चहा थंड व्हायच्या आत झालं होतं. अर्थात त्यामुळे हे यंत्र कॉक्लिअरसारखं रात्री काढून ठेवून चालत नाही, झोपेतही चालू ठेवायचं, नाहीतर तो मधला ठोकाच जाईल आणि मेंदूला परत पहिल्यापासून धक्का.

इथवर यायला जनावरांनी फार सोसलंय. २००० साली वांगसाँग गाँग आणि डॅनियल मर्फेल्ड यांनी गिनिपिगमध्ये एकाच दिशेचं पहिलं यंत्र चालवून दाखवलं, मग चिंचिला नावाचा उंदरासारखा प्राणी, मग माकडं. जिनिव्हाच्या लोकांनी शहाणपणाने सुरुवातीला असेच कान निवडले जे आधीच बहिरे होते. सिएटलला जे रुबिनस्टीन आणि जेम्स फिलिप्स यांनी २०१० मध्ये वेगळीच वाट धरली, मेनिएर नावाच्या आजारात भोवळीचे जे भयंकर झटके येतात ते यंत्राने अडवायचे, पण तिथे ज्या कानात बसवलं त्या कानाच्या ऐकण्याला मोठा फटका बसला. तोलाचा अवयव आणि ऐकण्याचा शंख एकाच पाण्यात बुडालेले असतात, एकाला भोक पाडलं की दुसरा धोक्यात येतो. ही या सगळ्या कामावरची सगळ्यात काळी सावली आहे.

बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये चार्ल्स डेला सँटिना आहेत, कानाचे सर्जनही आणि बायोमेडिकल इंजिनीअरही. मला वाटतं या कामाला असाच माणूस हवा होता, ज्याला भोक कुठे पाडायचं तेही कळतं आणि आत काय पाठवायचं तेही. त्यांच्या टीमने २०१६ पासून माणसांत इम्प्लांट बसवायला सुरुवात केली आणि २०२१ मध्ये आठ जणांचे रिझल्ट छापले, तेही त्याच न्यू इंग्लंड जर्नलमध्ये जिथे जे. सी. ने आपलं दुखणं मांडलं होतं. आठांपैकी सात जणांचा तोल औषधांमुळेच गेलेला. कुणाचा दोन वर्षांपूर्वी, कुणाचा तर तेवीस वर्षांपूर्वी. तेवीस वर्षं गप्प असलेल्या नसेने उत्तर दिलं! सहा महिन्यांनी आणि वर्षाने तपासलं तेव्हा उभं राहणं सुधारलं होतं, चालणं सुधारलं होतं, रोजच्या जगण्याबद्दलच्या त्यांच्या स्वतःच्या उत्तरांमध्येही सुधारणा दिसत होती. म्हणजे नैसर्गिक कान परत आला असं मुळीच नाही. डोळे सावरण्याची ती झटपट क्रिया थोडीच परत येते, ज्या बाजूला इम्प्लांट त्या बाजूला वळताना जास्त, उलट्या बाजूला कमी. मोजक्या इलेक्ट्रोडमधून जाणारा निरोप खऱ्या नसेच्या हजारो तंतूंपुढे फारच तुटपुंजा. तरी मेंदू तो घेतो, जुळवतो, वापरतो.

मला वाटतं या कामाकडे आपण जरा चुकीच्या बाजूने बघतो. बातम्यांमध्ये असं येतं की आता माणूस पडणार नाही, अंधारात चालू शकेल. ते हवंच आहे. पण राजवाड्याजवळचं ते थांबत थांबत चालणं बघितल्यापासून माझा हिशोब बदलला. आत्या पडत नाही, ती इतकी जपून असते की पडतच नाही. तिने गमावलंय ते लक्ष. सगळ्या जागेपणाचं लक्ष पायात अडकून पडलंय, ते सुटलं तर ती परत बोलेल, भाव करेल, कुणाची तरी खोड काढेल. इम्प्लांटने डोळ्यांची हालचाल अर्धीमुर्धी जरी आली आणि तेवढ्याने चालणं परत विचारांच्या खाली गेलं, तर माझ्या लेखी ते यंत्र शंभर टक्के चाललं. व्यायामाने यातलं थोडं मिळतं, हेही सांगितलं पाहिजे. १९४०च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी नजर, मान आणि चालण्याचे व्यायाम बसवले, त्यातूनच आजची तोलाची फिजिओथेरपी आली, आत्याही ते रोज करते आणि पहिल्यापेक्षा ती खूपच बरी आहे. पण व्यायामाने मेंदू नजर आणि तळपाय जास्त वापरायला शिकतो, गेलेला निरोप परत येत नाही.

आणि अजून त्या दोन पिशव्या तर राहिल्याच. वळणं सांगणाऱ्या नळ्यांचं काम यंत्र करायला लागलंय, पण वर-खाली, सरळ-तिरकं सांगणाऱ्या पिशव्यांचं काम वेगळं आणि जास्त किचकट, कारण तिथे एकाच पिशवीत वेगवेगळ्या दिशांच्या पेशी शेजारी शेजारी बसलेल्या असतात, करंट दिला तर सगळ्या एकदमच उठतात. स्पेनमध्ये लास पाल्मासला आंखेल रामोस मासियास यांच्या टीमने धाडस करून त्या भागालाच ठोके देऊन बघितले, हालचालीप्रमाणे कमी-जास्त न करता नुसते सतत ठोके, आणि त्यानेही पेशंटचं उभं राहणं आणि चालणं सुधारलेलं त्यांना दिसलं. सेन्सरवाल्या माणसाला हे पटायला जड जातं, मोजमाप नसलेल्या निरोपाने फायदा कसा होईल. पण होतोय.

आपल्याकडे यातलं काय येईल आणि कधी? आज हे यंत्र विकत मिळत नाही, जगात कुठेच, ते ट्रायलमध्येच आहे. पण कॉक्लिअर इम्प्लांट एके काळी फक्त परदेशात जाणाऱ्यांचं होतं आणि आज दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून गरीब घरच्या लहान मुलांना मिळतं, त्याचं सगळं कामकाज मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडून चालतं. हीच मुलं मला आठवतात, कारण जन्मतः खूप कमी ऐकू येणाऱ्या बऱ्याच मुलांचा तोलही अधू असतो, ती उशिरा मान धरतात, उशिरा चालतात, आणि घरचे म्हणतात चालेल हो, काही मुलं उशिरा चालतात. ज्या कानात ऐकण्यासाठी सर्जन जाणारच आहे त्याच कानात तोलाचंही बघता आलं तर? ऐकणं जाण्याची भीतीही तिथे उरत नाही. हे काम आपल्याकडच्या कुणीतरी हातात घ्यावं असं मला फार वाटतं. आणि तोवर एक साधी गोष्ट लगेच होऊ शकते. ज्याला ही इंजेक्शनं चालू आहेत त्याला भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता आधी डोकं स्थिर ठेवून आणि मग कुणीतरी डोकं थोडंसंच पण भराभर हलवत असताना वाचायला लावायचं. हलवताना बऱ्याच ओळी कमी वाचता आल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. नर्सला शिकवायला पाच मिनिटं पुरतील.

आत्याला मी बाल्टिमोरच्या त्या आठ जणांबद्दल सगळं सांगितलं, ऐकण्याचंही सांगितलं. आठही जणांचं त्या कानाचं ऐकणं थोडंफार कमी झालं, पाच जणांचं अगदी थोडं, तिघांचं मात्र खूपच. माझं मत सरळ होतं. कान दोन आहेत, एकाने ऐकू येतं, चालण्याबोलण्याचं सुख परत मिळणार असेल तर मी हो म्हणालो असतो. आत्याने सगळं नीट ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, आणि विचारलं की तिघांतली मी नसेन हे आधी कळतं का. मी म्हटलं, नाही, आधी नाही कळत. ती म्हणाली की संध्याकाळी रेडिओ आणि सकाळी तुझ्या काकांचा आवाज, माझं आता निम्मं जगणं कानावर आहे रे, डोळ्यांनी चालताना काही दिसत नाही तेव्हा कोण आलं ते मी आवाजावरूनच ओळखते, त्यातला अर्धा पणाला लावायचा तर आठ माणसं फार कमी आहेत. अजून करू देत त्यांना, पन्नास होऊ देत, मग मला परत विचार. मी तिला म्हटलं विचारेन. आणि तेव्हापासून त्या टीमचा नवीन पेपर आला की पहिल्यांदा ऐकण्याचाच आकडा बघतो.